परक्यांचें नृत्यगृह

नाच या शब्दाला आमच्या मराठी घरांत फारशी प्रतिष्ठा कधींच नव्हती. मुलगा नाचतो असें कोणी सांगितलें, तर त्याचा अभ्यास बुडाला असें आईबाप समजत. आणि प्रौढ मनुष्य नाचतो असें सांगितलें, तर त्याविषयीं आणखी कांहीं सांगण्याची गरजच उरत नसे. अशा घरांत वाढलेल्या व पुढें पंचवीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविलेल्या माणसानें पन्नाशी उलटल्यावर परदेशांतील एका नृत्यगृहाची पायरी चढावी, हें त्याचें त्यालाच चमत्कारिक वाटलें तर नवल नाहीं. ती पायरी आम्ही चढलों. तेथें जें पाहिलें त्याचें मूळ शोधतां शोधतां जी हकीकत हातीं आली, ती वाचकांपुढें ठेवावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

त्या वर्षीं ग्रंथालयांतील कांहीं कामासाठीं आम्ही लंडनमध्यें राहिलों होतों. दिवस जुन्या कागदपत्रांत बरा जाई. परंतु हिंवाळ्यांत चार वाजतां अंधारूं लागलें कीं परकेपणा अंगावर येई. शेजारी सभ्य होते. जिन्यांत भेटले म्हणजे हवेविषयीं दोन शब्द बोलत आणि आपापलें दार लावून घेत. आमच्या घरमालकीणबाई सोडल्या, तर आम्हांस नांवानें हांक मारणारें माणूस त्या शहरांत सहा महिन्यांत भेटलें नाहीं. त्या बाईंनाच आमची दया आली असावी. एका शुक्रवारीं त्या म्हणाल्या, "चर्चशेजारच्या सभागृहांत आज स्विंगचा नाच आहे. तुम्ही नाचूं नका हवें तर. पण येऊन बसा."

तेथें आम्हांस बसूं मात्र कोणी दिलें नाहीं. पहिला तास शिकवणीचा होता. मंडळी दोन वर्तुळें करून समोरासमोर उभी राहिली. दर तीन-चार मिनिटांनीं एका वर्तुळानें एक जागा पुढें सरकावें आणि प्रत्येकास नवा जोडीदार मिळावा, अशी योजना होती. त्या एका तासांत वीसेक माणसांपुढें आम्ही उभे राहिलों असूं. त्यांत पोलंडची एक परिचारिका होती, कोरियाची एक विद्यार्थिनी होती, सत्तरी गांठलेली एक सेवानिवृत्त शिक्षिका होती. प्रत्येकीनें आधीं आपलें नांव सांगितलें व मग हात पुढें केला. आमचा पाय त्यांच्या पायावर पडला तेव्हां त्या हांसल्या, आणि आम्हीही हांसलों. पुढें वाद्यें सुरू झालीं तेव्हां कोणीही कोणासही विचारावें, गीत संपलें कीं आभार मानून सुटावें, आणि नकार मिळाला तर राग मानूं नये, हा तेथील रिवाज आमच्या ध्यानांत आला. तुम्ही कोणत्या देशाचे, हा प्रश्न त्या रात्रीं आम्हांस फार उशिरां विचारण्यांत आला.

त्या वृद्ध शिक्षिकाबाईंनीं मात्र निराळाच प्रश्न विचारला. विसावा घेण्यास बसलों असतां त्या म्हणाल्या, "तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक ना? मग सांगा, हा नाच कोणाचा?" आम्हीं उत्तर दिलें, "अमेरिकेंतला असावा." त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण ज्या विद्यार्थ्यानें धडा न वाचतां उत्तर दिलें आहे त्याकडे शिक्षक ज्या नजरेनें पाहतो, ती नजर आमच्या चांगली ओळखीची आहे. दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांत आम्हीं आपलें काम बाजूस ठेवून हा धडा काढला.

हा नाच अमेरिकेंतला खरा; परंतु तेवढें म्हणणें म्हणजे लावणी हिंदुस्थानांतली असें म्हणून थांबण्यासारखें आहे. तो न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांतला, आणि तेथील कृष्णवर्णीय लोकांचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेंतील जुलमास व दारिद्र्यास कंटाळून लक्षावधि कृष्णवर्णीय कुटुंबें उत्तरेकडील शहरांत आलीं. त्यांपैकीं पुष्कळ हार्लेममध्यें राहिलीं. त्यांच्याबरोबर त्यांचें संगीत आलें व नाचही आले. परंतु त्यांच्याच वस्तींतील सारीं दारें त्यांना उघडीं नव्हतीं. कॉटन क्लब या प्रसिद्ध करमणूकगृहांत रंगमंचावर ड्यूक एलिंग्टनसारखे कृष्णवर्णीय कलावंत असत आणि समोर बसणारे गिऱ्हाईक मात्र गोरे असे. वाजविणाऱ्याचे भाऊबंद पैसे घेऊन दाराशीं आले तरी त्यांना आंत घेत नसत.

या पार्श्वभूमीवर १२ मार्च १९२६ रोजीं लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर, १४० व्या व १४१ व्या रस्त्यांच्या दरम्यान, सॅव्हॉय नांवाचें नृत्यगृह उघडलें. त्याचा मालक मो गेल हा ज्यू व्यापारी होता व व्यवस्था पाहणारा चार्ल्स ब्यूकॅनन हा कृष्णवर्णीय होता. एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत पसरलेलें तें दालन होतें. तेथें वादकांसाठीं दोन व्यासपीठें होतीं. एक मेळा थांबला कीं दुसरा सुरू होई, म्हणजे संगीतास खंड पडत नसे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्या दारांतून काळा व गोरा दोघेही आंत जात व एकाच जमिनीवर नाचत. तेथें लोक चेहऱ्याकडे न पाहतां पायांकडे पाहत, असें तेथले जुने नर्तक पुढें सांगत असत. उच्चनीचभाव तेथेंही होता. दालनाच्या एका कोपऱ्यांत केवळ पट्टीच्या नर्तकांनींच उतरावें असा अलिखित नियम होता. परंतु ती पायरी पायांच्या करामतीनें चढतां येत असे. त्या काळच्या अमेरिकेंत अशी जागा सांपडणें दुर्मिळ होतें.

या दालनांत जो नाच वाढला त्याला लिंडी हॉप म्हणतात. १९२७ च्या मे महिन्यांत चार्ल्स लिंडबर्ग यानें न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्यानें विमान नेलें, आणि त्या उड्डाणावरून शॉर्टी स्नोडेन नांवाच्या नर्तकानें या नाचास हें नांव दिलें, अशी कथा सांगतात. नांवाची कथा कशीही असो. नाचाची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. युरोपांतील दरबारी नाचांत जोडपें एकमेकांस धरून एका ठरलेल्या आकृतींतून फिरतें. लिंडी हॉपमध्यें तीं दोघें क्षणभर एकत्र फिरतात, मग एक हात सोडून दूर होतात. त्या अंतरावर प्रत्येकानें त्या घडीस सुचेल तें करावें, आणि आठ मात्रा पुऱ्या होतांना परत जवळ यावें. आमच्या संगीतांत गवयी समेपासून दूर जातो, आतां चुकतो कीं काय असें वाटावयास लावतो, आणि बरोबर समेवर येतो, तसाच हा प्रकार आहे. स्विंग शब्दाचा अर्थच झोका. वादक मात्रेचे दोन समान भाग करीत नाहींत. पहिला किंचित् लांबवितात, दुसरा तोकडा ठेवितात, आणि त्या विषमतेंतून लयीला झोका मिळतो. आठ आंकडे मोजून हें साधत नाहीं, असें शिक्षिकाबाई आम्हांस कां सांगत होत्या, तें येथें उमगलें.

१९३५ मध्यें फ्रँकी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या तरुणानें सॅव्हॉयमधील एका स्पर्धेंत आपल्या जोडीदारणीस पाठीवरून उलटी फिरवून पुन्हां तालावर उभी केली. या नाचांत हवेंत घेतलेलें तें पहिलें पाऊल समजतात. ११ मे १९३७ रोजीं त्याच दालनांत बेनी गुडमन व चिक वेब यांच्या मेळ्यांचा सामना झाला. गुडमन गोरा होता आणि वर्तमानपत्रांनीं त्यास स्विंगचा राजा ठरविलें होतें. वेब हा कण्याच्या क्षयानें वांकलेला, ठेंगणा कृष्णवर्णीय ढोलवादक होता. हजारों लोकांना त्या रात्रीं जागेअभावीं दारावरून परतावें लागलें. आंतल्या श्रोत्यांनीं कौल वेबला दिला, आणि गुडमनचा ढोलवादक जीन क्रूपा यानेंही त्याचें श्रेष्ठत्व मान्य केलें. देशानें राजा ठरविला होता. सॅव्हॉयनें आपला निर्णय स्वतंत्रपणें दिला.

येथून हा नाच परदेशीं निघाला. १९३७ सालींच मॅनिंग व त्याचे सोबती पॅरिस व लंडन येथें नाचून गेले. परंतु परदेशांत या नाचाच्या नशिबीं काय आलें, हें दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत खरें दिसतें. आम्ही ज्या लंडनमध्यें राहत होतों, त्याच लंडनमध्यें केन जॉन्सन नांवाचा एक तरुण राहत होता. तो ब्रिटिश गियानांत जन्मलेला होता, शिक्षणासाठीं विलायतेस आला होता, आणि अमेरिकेस जाऊन हार्लेमचें संगीत पाहून आला होता. वेस्ट इंडियन वादकांचा मेळा जमवून तो कॅफे द पारी या श्रीमंती उपाहारगृहांत स्विंग वाजवीत असे, आणि बाँबहल्ल्यांच्या दिवसांतही लंडनचे लोक त्याच्या तालावर नाचावयास येत. ८ मार्च १९४१ च्या रात्रीं त्या इमारतींत बाँब फुटला. निदान ३४ माणसें मेलीं; त्यांत सव्वीस वर्षांचा जॉन्सनही होता. परक्या शहरांत परक्यांना आनंद देतां देतां त्याचा अंत झाला.

पुढच्या वर्षीं अमेरिकन सैन्य ब्रिटनमध्यें आलें. कोव्हेंट गार्डनच्या ऑपेरागृहाचें युद्धकाळांत नृत्यगृह झालें होतें. अशा ठिकाणीं इंग्रज मुली या शिपायांकडून हार्लेमचीं पावलें शिकल्या. परंतु त्या सैन्यांत काळ्यांच्या व गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, आणि आपला भेदभाव ते बरोबर घेऊन आले होते. पुष्कळ गांवांत नाचाच्या रात्री वांटून दिल्या जात. एक रात्र गोऱ्या शिपायांची, दुसरी काळ्यांची. कृष्णवर्णीय शिपाई इंग्रज मुलीबरोबर नाचतांना दिसला म्हणजे गोऱ्या शिपायांचें माथें भडके व मारामारी होई. गंमत अशी कीं, त्या गोऱ्या शिपायांच्या पायांत जें होतें तें ज्यांच्यापासून आलें, त्यांनाच ते नृत्यगृहाबाहेर काढूं पाहत होते.

शत्रूच्या देशांत याहून विपरीत घडत होतें. जर्मनींतील हँबर्ग शहरांत सुखवस्तु घरांतील कांहीं मुलांनीं स्विंगचा ध्यास घेतला होता. तीं केस लांब ठेवीत, इंग्रजी तऱ्हेचे कपडे करीत व एकमेकांच्या घरीं ध्वनिमुद्रिका लावून नाचत. बहुतेकांस राजकारणाशीं कर्तव्य नव्हतें. परंतु नाझी सत्तेच्या दृष्टीनें हें संगीत काळ्यांचें व ज्यूंचें होतें, आणि तेवढाच गुन्हा पुरेसा होता. फेब्रुवारी १९४० मध्यें तेथें भरलेल्या एका नाचास पांचशेंहून अधिक मुलें जमलीं. ऑगस्ट १९४१ मध्यें तीनशेंवर मुलांची धरपकड झाली. जानेवारी १९४२ मध्यें हिमलरनें हायड्रिच यास पत्र लिहून या मुलांच्या म्होरक्यांस दोन-तीन वर्षें छळछावणींत ठेवण्यास फर्माविलें. आणि त्याप्रमाणें कित्येक मुलें व मुली छावण्यांत गेलीं. नाच ही क्षुल्लक वस्तु आहे असें मानणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें पत्र ध्यानांत ठेवावें. जुलमी सत्तेला तिचें महत्त्व आमच्याहून आधीं कळलें होतें.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें आहे असें वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. पण धागा शोधूं लागलों तों तो मुंबईस येऊन पोंचला. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन मेळा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. हा वेदरफोर्ड पुढें कलकत्त्यास गेला व १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला. या मेळ्यांशीं गोव्याच्या वादकांची गांठ पडली. गोमंतकांतील चर्चच्या शाळांत या मंडळींस पाश्चात्य स्वरलिपि लहानपणींच येत असे; आतां त्यांना स्विंगचा झोकाही मिळाला. आल्डोना गांवचा आंतोनियो शाव्हियेर वाज हा चिक चॉकलेट या नांवानें मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. पुढें हेच वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं १९५१ च्या 'अलबेला'स जें संगीत दिलें त्यांत चिक चॉकलेटचा हात होता, आणि त्यावर भगवान पालव यांनीं जीं पावलें टाकलीं तीं सबंध देशानें उचललीं.

तेव्हां ज्या घरांत नाच वर्ज्य होता, त्याच आमच्या घरांत रेडिओवरून हार्लेमची लय रोज सकाळीं येत होती. आमचे वडील दाढी करतांना तीं गाणीं गुणगुणत व वस्तऱ्याची मूठ पेल्यावर आपटून ठेका धरीत. ती लय कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, हें त्यांना ठाऊक नव्हतें. आणि पंचवीस वर्षें इतिहास शिकवून आम्हांसही ठाऊक नव्हतें.

आतां सॅव्हॉयचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. एप्रिल १९४३ मध्यें न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनीं तें बंद केलें. तेथें शिपायांस गुप्तरोग जडतात असें कारण देण्यांत आलें. काळे-गोरे एकत्र नाचतात हेंच खरें कारण, असें हार्लेमच्या लोकांचें मत होतें. ऑक्टोबरांत तें पुन्हां उघडलें, पण काळ पालटत होता. युद्धानंतर मोठे मेळे परवडेनासे झाले, जाझच्या नव्या पिढीला नाचापेक्षां ऐकण्यासाठीं वाजविणें आवडूं लागलें, आणि तरुण मंडळी दुसऱ्या तालांकडे वळली. १९५८ मध्यें सॅव्हॉय कायमचें बंद झालें, आणि ती इमारत पाडून तेथें घरांच्या चाळी उभ्या राहिल्या. फ्रँकी मॅनिंगनें १९५५ च्या सुमारास टपालखात्यांत नोकरी धरली व तो सुमारें तीस वर्षें पत्रें हाताळीत राहिला. ज्याच्या पायांनीं एका युगास वेड लावलें होतें, तो हाच, हें त्याच्या कचेरींतील कितीजणांना ठाऊक असेल?

त्याचा शोध घेतला तो परक्यांनीं. स्टॉकहोममधील कांहीं तरुणांनीं जुन्या चित्रपटांत हा नाच पाहिला, आणि १९८४ मध्यें न्यूयॉर्कला येऊन सॅव्हॉयचा एक जुना नर्तक अल मिन्स यास शोधून काढलें. मिन्स त्यांना शिकवावयास स्वीडनला गेला व पुढच्याच वर्षीं वारला. नंतर कॅलिफोर्नियांतील दोन तरुणांनीं मॅनिंगला गांठलें. आतां मी नाचत नाहीं, असें तो आधीं म्हणत होता. १९८९ मध्यें 'ब्लॅक अँड ब्लू' या नाट्यप्रयोगाच्या नृत्यरचनेबद्दल त्याला टोनी पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्याच वर्षापासून स्वीडनमधील हेरेंग या लहानशा खेड्यांत भरणाऱ्या नृत्यशिबिरांत तो शिकवूं लागला. २७ एप्रिल २००९ रोजीं, पंचाण्णवावा वाढदिवस महिन्यावर आला असतां, तो वारला. त्याची जुनी सहकारी नॉर्मा मिलर हिला निसर्गानें याहून अधिक आयुष्य दिलें. ती २०१९ मध्यें वयाच्या ९९ व्या वर्षीं गेली. सॅव्हॉयच्या जागीं २००२ मध्यें एक स्मृतिफलक बसविण्यांत आला, तेव्हां हीं दोघेंही हजर होतीं.

आज स्टॉकहोमपासून सेऊलपर्यंत कोठल्याही मोठ्या शहरांत परका मनुष्य एकटा असला, तर स्विंगचा नाच कोठें आहे एवढें विचारून तो एका संध्याकाळीं वीस माणसांच्या ओळखीचा होऊं शकतो. आम्हीं तें अनुभविलें, आणि त्याबद्दल आमच्या मनांत कृतज्ञता आहे. परंतु त्या कृतज्ञतेंत एक टोंचणी आहे, ती लपवूं नये. आमच्या त्या लंडनच्या सभागृहांत अनेक देशांचे चेहरे होते; ज्यांच्या पूर्वजांनीं हा नाच घडविला, त्यांच्यापैकीं मात्र फारच थोडे होते. दार उघडें होतें, कोणी कोणास अडवीत नव्हतें. तरी ज्यांचें घर, तेच तेथें पाहुण्यासारखे झाले होते. कलेचा प्रसार होतो तेव्हां तिच्या मालकांचीं नांवें वाटेंत गळून पडतात, हा जगाचा जुना अनुभव आहे. तीं नांवें उचलून परत जागेवर ठेवणें एवढें तरी इतिहास शिकविणाऱ्यांच्या हातीं आहे.

पुढच्या शुक्रवारीं आम्ही शिक्षिकाबाईंच्या शेजारीं बसून हें सर्व सांगितलें. त्यांनीं सॅव्हॉय, वेब, जॉन्सन हीं नांवें एकेक करून ऐकलीं. सैन्याच्या वांटलेल्या रात्रींचा भाग आला तेव्हां त्या म्हणाल्या, "माझी आई लँकेशायरची. त्या दिवसांत ती नाचावयास जाई. सगळ्यांत चांगला नाचणारा एक काळा शिपाई होता, असें ती सांगे. पण त्याचें नांव विचारायचें राहून गेलें म्हणून हळहळे." बाई एवढें बोलून थांबल्या. तेवढ्यांत वादकांनीं नवें गीत धरलें. दाराशीं एक तरुण आपला ओला कोट हातांत घेऊन एकटाच घुटमळत उभा होता. तो बहुधा प्रथमच आलेला असावा. बाई उठल्या, त्याच्यापाशीं गेल्या, आणि आधीं त्यांनीं त्याचें नांव विचारलें.